जिंतूर आणि परिसर : नवागतांसाठी एक ऐतिहासिक परिचय

प्रस्तावना

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण परभणी जिल्ह्यात बदलून येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कानावर पहिल्या काही दिवसांतच पडते. म्हणीचा उगम काहीही असो, आज तिचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट आहे. अन्यत्र कोठे जमले तर उत्तम, न जमल्यास परभणी आहेच. त्या परभणीच्याही उत्तरेस चाळीसेक किलोमीटर अंतरावर, लोहमार्ग नसलेले, डोंगराच्या कडेला वसलेले जिंतूर हे तालुक्याचे ठिकाण आहे. साहजिकच येथे नेमणूक झालेला प्राध्यापक, अभियंता किंवा बँक अधिकारी बसमधून उतरतो तेव्हा आपण मुख्य प्रवाहाच्या बाहेर येऊन पडलो आहोत, अशीच त्याची भावना असते. अनेकांच्या बाबतीत गावाशी येणारा संबंध भाड्याची खोली आणि शनिवारची परतीची गाडी यांपुढे जातच नाही.

या परिसराला 'मागास', 'डोंगरी', 'आडवळणी' ही विशेषणे इतक्या सवयीने लावली जातात की, तो आडवळणी केव्हापासून झाला हा प्रश्नच विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात जिंतूर व परिसराचा परिचय या प्रश्नाच्या अनुषंगाने करून दिला आहे. उपलब्ध अवशेष आणि प्रशासकीय इतिहास एकत्र पाहिल्यास असे दिसते की, मध्ययुगात हा मुलूख वाटेवरचा होता. तो वाटेबाहेर गेला तो एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील काही निर्णयांमुळे, आणि त्या निर्णयांची वर्षे सांगता येतात. भूगोलाच्या माथी मारला जाणारा दोष बऱ्याच अंशी इतिहासाचा आहे.

गावाचे नाव

जिंतूर हे नाव 'जैनपूर' या शब्दाचा अपभ्रंश होय, असे गावात सर्वत्र सांगितले जाते. गावाजवळच नेमगिरीची जैन लेणी असल्याने ही व्युत्पत्ती चटकन पटते. तथापि 'जैनपूर'चे 'जिंतूर' कसे झाले, विशेषतः 'प'च्या जागी 'त' कोठून आला, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. लातूर, परतूर, जिंतूर अशी नावे मराठवाड्यात आहेत आणि त्यांपैकी लातूरचे जुने रूप 'लट्टलूर' असल्याचे शिलालेखांवरून सिद्ध आहे. गाव या अर्थाचा 'ऊर' हा द्राविडी शब्द या प्रदेशातील ग्रामनामांत मुरलेला आहे. तेव्हा जिंतूरच्या शेवटी 'पूर' शोधण्याऐवजी 'ऊर' शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. पहिल्या भागात 'जिन' असणे अशक्य नाही. मात्र हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. मराठवाडा हा मराठी, कन्नड आणि तेलुगू यांच्या सीमेवरचा प्रदेश आहे, याची आठवण मात्र हे नाव नक्कीच करून देते.

डोंगर, माळ आणि दोन पूर्णा

अजिंठ्याच्या डोंगररांगेचा जो फाटा पूर्वेकडे हिंगोलीच्या दिशेने जातो, त्याच्या दक्षिण उतारावर जिंतूर आहे. गावाच्या उत्तरेस बेसाल्ट खडकाचे बुटके, माथ्यावर सपाट असे डोंगर, हलकी मुरमाड जमीन, तांडे आणि वाड्या दिसतात. दक्षिणेस बोरीच्या बाजूला उतरू लागले की करपरा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी, कापसाची जमीन लागते. एकाच तालुक्यात दोन शेतीव्यवस्था नांदतात आणि त्यांच्यातील अंतर एसटीच्या अर्ध्या तासाच्या प्रवासात उलगडते. डोंगरपट्ट्यात बंजारा आणि आंध समाजाची वस्ती आहे. पाऊस सरला की तेथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. दिवाळीनंतर शाळेच्या हजेरीपटावरील नावे समोर का दिसत नाहीत, हे नव्या शिक्षकाला याच कारणाने कळते.

नवागताचा हमखास होणारा एक घोटाळा येथेच दूर केलेला बरा. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या एकाहून अधिक नद्या आहेत. वऱ्हाडातून वाहणारी पूर्णा तापीला मिळते. जिंतूरच्या उत्तरेकडून वाहणारी पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा म्हणून ओळखली जाते आणि परभणी जिल्ह्यात कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. पूर्णा हे रेल्वे जंक्शनही याच दुसऱ्या नदीवर आहे. पुढील विवेचनात पूर्णा म्हणजे ही गोदावरीची उपनदी समजावी.

चारठाणा : एका गावात सामावलेला काळ

जिंतूरहून जालन्याच्या रस्त्याने पश्चिमेस गेल्यास चारठाणा लागते. तालुक्याचा इतिहास समजून घेण्यासाठी एकच ठिकाण पाहण्याइतका अवधी असेल तर ते चारठाणा असावे. गावात शिरताच जुन्या मंदिरांचे अवशेष दिसू लागतात. काही मंदिरे उभी आहेत, काहींची केवळ जोती उरली आहेत. कोरीव दगड घरांच्या भिंतींत, ओट्यांत आणि पारांत बसवलेले आहेत. गावाचे प्राचीन नाव 'चारुक्षेत्र' होते आणि येथे तीनशे साठ मंदिरे होती, असे लोक सांगतात. ही संख्या वर्षाच्या दिवसांवरून आली असावी हे उघड आहे आणि तिच्यावर विसंबून काही लिहिणे योग्य नाही. परंतु जे डोळ्यांसमोर आहे तेही थोडे नाही.

येथील सर्वांत लक्षवेधी अवशेष म्हणजे एकाकी उभा असलेला उंच, नखशिखांत कोरलेला स्तंभ. कोणी त्याला मानस्तंभ म्हणतात, कोणी विजयस्तंभ, तर कोणी दीपमाळ. ही तिन्ही नावे वेगवेगळ्या धार्मिक आणि राजकीय परंपरांतील आहेत. मानस्तंभ जैन मंदिरापुढे असतो, दीपमाळ हिंदू देवळापुढे, तर विजयस्तंभ राजसत्तेची खूण असतो. एकाच दगडाला तीन नावे असणे ही अज्ञानाची खूण मानण्याचे कारण नाही. या परिसरात शैव, वैष्णव आणि जैन परंपरा शेजारी शेजारी नांदल्याचीच ती स्मृती आहे. गावातील पायऱ्यांची बारव, नृसिंहाचे मंदिर आणि शिवमंदिरे याच गोष्टीला दुजोरा देतात.

या सर्व मंदिरांना 'हेमाडपंती' म्हणण्याचा प्रघात आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता. चुन्याविना, दगडात खाचा व खुंट्या करून सांधण्याची पद्धत त्याच्या आधीपासून प्रचलित होती. मराठवाड्यातील कित्येक मंदिरे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापर्यंत मागे जातात, हे गो. बं. देगलूरकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या कामातून स्पष्ट झाले आहे. महाविद्यालयीन सहलींच्या अहवालांत मात्र 'हेमाडपंती' हा एकच शब्द अजूनही सर्व काळांवर पांघरला जातो. किमान जिंतूरच्या शिक्षकांनी तरी तो जपून वापरावा, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.

प्रश्न असा की, आज आडवाटेचे वाटणाऱ्या एका गावात इतकी बांधकामे का झाली? मंदिरांचे समूह सहसा एकाकी ठिकाणी उभे राहत नाहीत. त्यांना दान देणारे व्यापारी, पाणी देणारी बारव आणि येणारी-जाणारी माणसे लागतात. नकाशा समोर ठेवला तर उत्तर फार दूर नाही. देवगिरी आणि जालन्याच्या बाजूने नांदेडकडे जाताना गोदावरीचा चिखलमय काठ टाळून डोंगराच्या पायथ्याची कोरडी वाट धरली, तर ती चारठाणा, जिंतूर, औंढा अशीच जाते. औंढ्याचे नागनाथ मंदिर याच वाटेवरचे. दक्षिणेस सेलू तालुक्यात वालूर येथे वर्तुळाकार पायऱ्यांची बारव आहे. तीही प्रवाशांच्याच सोयीचे साधन होती. हा सारा पट्टा प्रवासाचा होता, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

नेमगिरी

जिंतूरपासून सुमारे तीन किलोमीटरवरील नेमगिरी येथे डोंगराच्या पोटात लहान, अंधाऱ्या गुहा आहेत. त्यांची दारे इतकी ठेंगणी आहेत की आत जाण्यासाठी वाकावेच लागते. आत मात्र नेमिनाथ, पार्श्वनाथ आदी तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. त्यांतील पार्श्वनाथाची मूर्ती अगदी लहानशा आधारावर तोलून धरलेली असल्याने 'अंतरिक्ष पार्श्वनाथ' म्हणून प्रसिद्ध आहे. याच नावाची प्रसिद्ध मूर्ती वाशीम जिल्ह्यात शिरपूर येथेही आहे. डोंगराच्या दक्षिणेस नेमगिरी आणि उत्तरेस शिरपूर. दिगंबर जैन यात्रेकरूंच्या दृष्टीने ही दोन्ही स्थळे एकाच प्रदेशात मोडतात. आजच्या प्रशासनाच्या दृष्टीने ती दोन वेगवेगळ्या विभागांत आहेत.

वऱ्हाडाशी असलेले नाते आणि १८५३ ची रेषा

येथेच जिंतूरच्या इतिहासाचे मर्म आहे. आज जिंतूर मराठवाड्यात आणि लोणार विदर्भात आहे, म्हणून हे दोन्ही प्रदेश आरंभापासून वेगळे होते असे गृहीत धरले जाते. इतिहास तसे सांगत नाही. चौथ्या शतकातील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा वाशीम ताम्रपट वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथून दिलेला आहे आणि त्यात उल्लेखिलेला नांदीकट प्रदेश म्हणजे नांदेडचा परिसर होय. वाशीमची सत्ता डोंगर ओलांडून गोदावरीपर्यंत पोचत होती, असा त्याचा अर्थ होतो. पुढे बहमनी राज्याच्या विघटनानंतर पाथरीच्या मालकीवरून वऱ्हाडची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यात लढाया झाल्या. अकबराच्या काळातील 'आइन-इ-अकबरी'त पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. सारांश, सोळाव्या शतकाच्या अखेरीस परभणीचा हा मुलूख कागदोपत्री वऱ्हाडातच होता.

ही सलगता १८५३ मध्ये तुटली. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला आणि जिंतूरच्या उत्तरेच्या डोंगरात दोन राजवटींमधील सीमा तयार झाली. तोवर जिंतूर, मेहकर आणि लोणार ही एकाच राज्यातील शेजारची गावे होती. आता मधून एक रेषा गेली. या रेषेचे परिणाम सामान्य माणसाच्या हातातील नाण्यापर्यंत पोचले. निजामी राज्यात 'हाली सिक्का' चाले आणि पलीकडे इंग्रजी 'कलदार'. साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव असे. करोडगिरी म्हणजे जकात खात्याची नाकी सीमेवर असत आणि राज्याबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर कर द्यावा लागे. मेहकरच्या बाजारात बैल नेणाऱ्या शेतकऱ्याला आपण परदेशात जात आहोत असे वाटले नसेल, परंतु नाक्यावरच्या शिपायाने त्याला ते पटवून दिले असणार.

सीमेच्या दोन्ही बाजूंचा विकासही वेगळ्या गतीने झाला. वऱ्हाडातून १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग गेला आणि तेथील कापूस मुंबईमार्गे जागतिक बाजाराशी जोडला गेला. निजामी भागात सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, महसुलाची घडी बसवली आणि कारभारात शिस्त आणली, ही मोठी सुधारणा होती. परंतु नव्या व्यवस्थेत जिंतूरचे तोंड परभणी आणि हैदराबादकडे, म्हणजे दक्षिणेकडे, वळले. उत्तरेची बाजू पाठीमागे गेली. दोन प्रदेशांना जोडणारे गाव राज्याच्या टोकाचे गाव झाले.

१९०० : दुष्काळ आणि लोहमार्ग

एकोणिसावे शतक संपताना दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळाने जिल्ह्याची वाताहत केली. १८९१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या आठ लाखांच्या घरात होती. १९०१ मध्ये ती साडेसहा लाखांच्या खाली आली. मृत्यू आणि स्थलांतर दोन्ही मिळून दहा वर्षांत जवळजवळ दर पाच माणसांमागे एक माणूस कमी झाला.

त्याच सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग सुरू झाला. तो जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड असा गेला. डोंगराच्या पायथ्याची जुनी वाट सोडून लोहमार्गाने दक्षिणेचे सपाट मैदान निवडले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पुढे १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत फाटा काढण्यात आला. त्यामुळे दक्षिणेस सेलू-परभणी आणि पूर्वेस हिंगोली अशा दोन बाजूंनी रेल्वे आली आणि मधला जिंतूर तालुका कोरडा राहिला. कापसाच्या बाजारपेठा आणि सरकी काढण्याचे कारखाने स्थानकांभोवती वाढले. जिंतूरचा कापूस बैलगाडीने सेलूला जाऊ लागला आणि त्याबरोबर अडत, सावकारी व व्यापाराचा नफाही गेला. चारठाण्याची मंदिरे ज्या वाटेने उभी केली असावीत, ती वाट या काळात ओस पडली.

१९४८ ते १९५६ या काळाचा तपशील अनेक ठिकाणी उपलब्ध असल्याने तो येथे विस्ताराने देण्याची गरज नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिलढ्यात निजामी राज्याची सीमा कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडली. उमरखेडसारख्या सीमेपलीकडील ठिकाणी त्यांची शिबिरे होती. ज्या रेषेने हा मुलूख तोडला, तिच्या पलीकडेच आश्रय मिळाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि एकशे तीन वर्षांनी डोंगराच्या दोन्ही बाजू पुन्हा एका राज्यात नांदू लागल्या. नाकी उठली. रस्ते मात्र दक्षिणाभिमुखच राहिले.

येलदरी

जिंतूर तालुक्याचे नाव महाराष्ट्रात पोचले ते येलदरीमुळे. पूर्णा प्रकल्पातील हे मातीचे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर म्हणजे सुमारे ३३ टीएमसी आहे. पायथ्याशी ७.५ मेगावॅटचे तीन संच असलेले २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभारण्यात आले. त्या काळात मराठवाड्याच्या दृष्टीने ही अपूर्व घटना होती. अभियंते, यंत्रचालक, मजूर, गवंडी असे नवागतांचे लोंढे तालुक्यात प्रथमच आले आणि येलदरीला वसाहत उभी राहिली.

प्रकल्पाची रचना समजून घेतल्याशिवाय या भागातील पाण्याविषयीची बोलणी समजत नाहीत. येलदरीतून वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी खाली औंढा तालुक्यातील सिद्धेश्वर धरणात अडवले जाते आणि तेथून कालव्यांनी शेतीला दिले जाते. म्हणजे साठवण येलदरीत आणि वाटप सिद्धेश्वरातून. कालवे उताराच्या दिशेनेच जाणार, तेव्हा सिंचनाचा मुख्य लाभ वसमत, परभणी, पूर्णा आणि नांदेडकडील काळ्या जमिनींना झाला. ऊस आणि केळी तिकडे गेली. ज्या डोंगरपट्ट्यातील जमीन जलाशयाखाली बुडाली, तो पट्टा पाण्याच्या पातळीच्या वर असल्यामुळे कोरडवाहूच राहिला. परभणी शहराची पाणीपुरवठा योजनाही येलदरीवर आधारलेली आहे. उन्हाळ्यात जलाशय डोळ्यांसमोर असताना डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागणे ही गोष्ट नवागताला विसंगत वाटते. स्थानिकांना ती विसंगत वाटत नाही, कारण त्यांना कालव्याची पातळी माहीत असते.

गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तक्रार करता येत नाही, हे खरेच. परंतु उपसा सिंचनासाठी किती पाणी राखून ठेवावे, विस्थापितांना लाभक्षेत्रात कोठे व किती जमीन द्यावी, हे निर्णय गुरुत्वाकर्षण घेत नाही. जिंतूरचे मागासलेपण मोजणाऱ्या अहवालांत तालुक्यातील सिंचित क्षेत्राची टक्केवारी असते. तालुक्याने इतरांच्या सिंचनासाठी दिलेल्या जमिनीचा रकाना त्यांत नसतो. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर तर येलदरी आणि सिद्धेश्वर हे एकाच प्रकल्पाचे दोन भाग दोन जिल्ह्यांच्या कारभारात विभागले गेले.

कागद आणि बोली

इतिहासाच्या अध्यापकाला जिंतूर परिसरात संशोधनाचे साहित्य शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. मात्र ते वाचता येणे आवश्यक आहे. हैदराबाद राज्याचा कारभार १८८० च्या दशकापर्यंत फारसीत आणि नंतर उर्दूत चालला. गावपातळीवरील हिशेब आणि खाजगी व्यवहार मोडीत लिहिले जात. महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळविले की इसवी सन येतो, म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८ चे वर्ष होय. जमिनीच्या वादात आजही १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाचा आधार घेतला जातो. पुण्या-कोकणाकडून आलेल्या कर्मचाऱ्याला सातबारा ठाऊक असतो. मुंतखब, सेतवार, खासरा ही नावे त्याने ऐकलेली नसतात.

बोलीच्या बाबतीतही तसेच. 'काय करू लालाव?' हा प्रश्न ऐकून नवा अध्यापक क्षणभर थबकतो. 'करू लागलास' या प्रमाण रूपाशी त्याचा संबंध जुळला की सारे सोपे होते. बाजारातील मराठीत दखनीचे शब्द सहज मिसळलेले असतात आणि दखनी बोलणाऱ्यांच्या तोंडी मराठीचे. वर्गात ही बोली 'अशुद्ध' म्हणून दुरुस्त करण्याचा उत्साह नव्या शिक्षकांत दिसतो. त्याचा एक परिणाम असा होतो की, चारठाण्याच्या मुलाला आपल्या गावच्या स्तंभाविषयी जे ऐकून माहीत असते, ते तो वर्गात बोलत नाही.

२०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा तहसील कार्यालयांतील जुनी दप्तरे उघडावी लागली आणि मोडी व उर्दू वाचू शकणाऱ्यांचा शोध सुरू झाला. असे वाचक फार थोडे उरले होते. एका विशिष्ट नोंदीच्या शोधात जी दप्तरे चाळली गेली, त्यांतच गावोगावची पीकपाहणी, इनामे, दुष्काळातील सूट आणि सोडून दिलेल्या जमिनी यांची माहिती आहे. १९०० साली जिंतूरच्या डोंगरातून कोणकोणत्या गावांची माणसे निघून गेली, याचे उत्तर शोधायचे तर आरंभ त्याच कागदांपासून करावा लागेल.